आधी काडतूस बघा, मग डाय

‘दादा, कुठला सेट घेऊ? लाल, हिरवा की निळा?’

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाला असा मेसेज वर्षातून तीन-चारदा तरी येतो. पाठवणारा बहुतेक वेळा आपल्याकडचाच कुणीतरी मेकॅनिकलवाला असतो. एमएस करायला गेलेला किंवा नुकताच नोकरीला लागलेला, रूममेटबरोबर एकदा शूटिंग रेंजवर जाऊन आलेला आणि त्यानंतर सलग पंधरा दिवस यूट्यूबवर ‘रीलोडिंग’चे व्हिडिओ बघितलेला. प्रश्न असतो पिस्तुलाची रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी लागणाऱ्या डायचा. रंग म्हणजे कंपन्या. लाल म्हणजे ली किंवा हॉर्नडी, हिरवा म्हणजे आरसीबीएस, निळा म्हणजे डिलन. दादाचं उत्तर ठरलेलं आहे : ‘रंग राहू दे. काडतूस कुठलं ते सांग. आणि व्हिसा कुठला तेही सांग.’

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, त्याच्याकडे पुढे येतो. पण पहिल्याबद्दल माझं मत ठाम आहे. डाय ब्रँड बघून घेणारा माणूस प्रश्नाच्या चुकीच्या टोकाला उभा असतो. ते काडतूस बंदुकीच्या आत नेमकं कशावर टेकतं, हे ज्याला कळलं त्याची नव्वद टक्के निवड झालेली असते. ज्याला ते कळलेलं नाही त्याने सगळ्यात महागडा सेट घेतला तरी तो चुकीचं काडतूसच बनवणार. फक्त ते दिसायला चकचकीत असेल.

ज्यांनी हे काही बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा छोटा प्रायमर, आत दारू (ती वेगळी) आणि तोंडात बसवलेली गोळी. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी जाते. मागे राहते ती पुंगळी. चौघांत तीच सगळ्यात महाग, आणि तीच पुन:पुन्हा वापरता येते. मात्र आतल्या दाबाने ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असते. दाब गेल्यावर पितळ थोडं आत येतं, पण पूर्वीच्या मापाला येत नाही. तिला दाबून मूळ मापाला आणायचं काम डाय करते.

घरातला सोऱ्या आठवा. दांडा, पितळी नळकांडं आणि खाली बदलायच्या चकत्या. शेव हवी तर बारीक भोकांची चकती, चकली हवी तर चांदणीची. रीलोडिंगची प्रेस म्हणजे सोऱ्याचं नळकांडं आणि डाय म्हणजे चकती, इतकं साधं. फरक एकच. आपल्याकडे आईच्या सोऱ्याची चकती मावशीच्या सोऱ्याला कधी बसत नाही. तिकडे मात्र बहुतेक सगळ्या डायची बाहेरची चुडी एकच आहे : पाऊण इंचाच्या थोडी पुढे, म्हणजे ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. त्यामुळे हिरव्या प्रेसमध्ये लाल डाय बिनधास्त बसते. अपवाद आहेत. डिलनची ‘स्क्वेअर डील बी’ नावाची प्रेस फक्त स्वत:च्याच डाय घेते, आणि सेकंडहँड सामान घेणारे नेमके तिथे फसतात. पण एकूणात रंगावरून भांडायला फारसं काही उरत नाही, हे या एका चुडीनेच ठरवून टाकलंय.

सरळ पुंगळीच्या पिस्तूल-काडतुसाला तीन डाय लागतात. पहिली जुना प्रायमर ढकलून काढते आणि पुंगळी दाबून मापात आणते. दुसरी तोंड किंचित फाकवते, नाहीतर गोळी आत जाताना पितळेच्या कडेने तासली जाईल. तिसरी गोळी ठरावीक खोलीला बसवते आणि फाकलेलं तोंड परत मिटते. या मिटण्याला क्रिम्प म्हणतात. सगळा खेळ या शेवटच्या शब्दात आहे.

आता महत्त्वाचं. प्रयोगशाळेत टेस्ट ट्यूब स्टँडमध्ये कशी उभी राहते? तिच्या तोंडाची कड स्टँडच्या भोकावर अडकते आणि बाकीची ट्यूब खाली लटकते. रिव्हॉल्व्हरचं काडतूस असंच राहतं. .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम यांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती सिलिंडरच्या मागच्या बाजूला अडकते. पुंगळीचं तोंड पुढे हवेतच असतं. म्हणून ते तोंड गोळीवरच्या खाचेत गोल वळवून घट्ट मिटलं तरी चालतं. चालतं काय, मिटावंच लागतं. कारण एक बार उडाला की सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांनाही मागे झटका बसतो आणि ढिली गोळी पुंगळीतून पुढे सरकते. पुरेशी सरकली की सिलिंडर फिरायचंच थांबतं. ही झाली रोल क्रिम्प.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात उलटं आहे. ९ एमएम किंवा .४५ एसीपीच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही. मग काडतूस चेंबरमध्ये थांबतं कशावर? पुंगळीच्या तोंडावर. पेन टोपणात घातलं की आतल्या पायरीवर टेकतं ना, तसं. ती तोंडाची धार, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, हाच त्याचा एकमेव आधार. कुणी या तोंडाला रिव्हॉल्व्हरसारखं गोल वळवलं तर टेकायला काही उरतच नाही. काडतूस नको इतकं आत जातं. कधी पिन पोहोचत नाही आणि बार होत नाही, कधी त्याहून वाईट होतं. म्हणून इथे टेपर क्रिम्प हवी. म्हणजे तोंड वळवायचं नाही, फक्त फाकवलेलं परत सरळ करायचं.

हे लक्षात आलं की दुकानात विचारायचा प्रश्नच बदलतो. ‘लाल की हिरवी’ जाऊन ‘या सेटमधली तिसरी डाय रोल क्रिम्प करते की टेपर?’ असा होतो. नव्या सेटमध्ये कंपन्या काडतुसाप्रमाणे योग्य तीच देतात, त्यामुळे नवा घेणारा नकळत वाचतो. पण जुन्या, कुणाच्या तरी आजोबांच्या गॅरेजमधून आलेल्या सेटमध्ये .४५ एसीपीची रोल क्रिम्प करणारी डायसुद्धा सापडते. विद्यार्थी म्हणजे सेकंडहँडचे पहिले गिऱ्हाईक. म्हणून हे सांगतोय.

आता ९ एमएमबद्दल जरा सविस्तर बोलू. सगळ्यात जास्त लोक तेच घेतात आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच आहेत. पहिली गोष्ट, ते सरळ नाही. बुडाशी ९.९३ मिलिमीटर आणि तोंडाशी ९.६५. पुंगळीची लांबी १९.१५. म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही इतका निमुळतेपणा आहे, पण डायला तो कळतो. आजकालच्या बहुतेक पिस्तूल-डायमध्ये टंगस्टन कार्बाइडची एक अरुंद रिंग असते. ती पुंगळीवरून खाली सरकत जाते आणि सगळीकडे जवळपास एकाच व्यासाला दाबते. मग निमुळती पुंगळी सरळ होते, आणि गोळी बसली की ती जागा किंचित फुगते. काचेच्या जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी कंबर दिसू लागते. नवखा माणूस घाबरतो, डाय खराब आली म्हणतो, परत पाठवतो. डाय ठीक असते. उलट ती कंबर म्हणजे पुंगळीने गोळी नीट आवळून धरल्याची खूण आहे.

ही आवळ म्हणजे ९ एमएममधली जीवनमरणाची गोष्ट. पिस्तुलात मॅगझिनमधून वर येणारं काडतूस उतरणीवर आपटतच चेंबरमध्ये जातं. गोळी सैल असेल तर त्या आपटीने ती पुंगळीत आणखी आत ढकलली जाते. ९ एमएमच्या पुंगळीत मुळातच जागा कमी. गोळी थोडी जरी आत गेली तरी जळणाऱ्या दारूला जागा आणखी कमी मिळते आणि दाब वेगाने वाढतो. कुठल्याही रीलोडिंग मॅन्युअलमध्ये यावर ठळक अक्षरांत इशारा असतो.

आणि इथेच बहुतेक जण उलटा उपाय करतात. गोळी सैल वाटली की तिसरी डाय आणखी खाली फिरवून क्रिम्प घट्ट करायची. आपल्याला वाटतं, जास्त दाबलं तर जास्त धरेल. पण पितळ दाबल्यावर थोडं परत बाहेर येतं, शिसं येत नाही. अति दाबलं की गोळी बारीक होते, पितळ मागे येतं आणि पकड आणखी सैल होते. गोळीला खरं धरून ठेवते ती पहिल्या डायने केलेली आवळ. ती टिकते दुसऱ्या डायचा फाकवणारा दांडा योग्य जाडीचा असेल तरच. म्हणजे दोष तिसऱ्या डायमध्ये दिसतो, पण असतो पहिल्या दोघींत. ज्यांनी ग्रुप प्रोजेक्ट केलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या फाकवणाऱ्या दांड्याकडे कुणी बघतच नाही. तांब्याचं आवरण असलेली ९ एमएमची गोळी साधारण .३५५ इंचाची, तर ओतीव शिशाची बहुधा .३५६ची. फरक एका इंचाच्या हजाराव्या भागाचा. पण शिसं मऊ. पुंगळीचं तोंड घट्ट असेल तर शिशाची गोळी बसतानाच तिचं बूड दाबलं जातं. मग ती नळीत नीट बसत नाही आणि नळीत शिशाचा थर साचतो. लायमन कंपनी दोन पायऱ्यांचा दांडा असलेली ‘एम’ डाय याचसाठी विकते. तुम्ही शिशाच्या गोळ्या वापरणार असाल तर चौथ्या झगमगीत डायवर पैसे घालण्यापेक्षा हिच्यावर घाला, असं मी म्हणेन.

चौथी डाय म्हणजे लीची फॅक्टरी क्रिम्प डाय. पिस्तुलासाठीच्या या डायमध्ये खाली आणखी एक कार्बाइड रिंग असते आणि ती तयार काडतूस शेवटी पुन्हा एकदा दाबून मापात आणते. यावरून अमेरिकेत अक्षरश: दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ही असल्याशिवाय झोप लागत नाही. दुसरा म्हणतो, हिची गरजच काय? मी दुसऱ्या पक्षात आहे. पहिल्या तीन नीट लावल्या तर चौथीला काम उरत नाही. नसतील लावल्या तर चौथी त्या चुकीवर पांघरूण घालते, वर शिशाची गोळी आतल्या आत बारीक करते. काडतूस चेंबरमध्ये बसतं, म्हणून माणूस खूश. ते का बसत नव्हतं, हे मात्र त्याला कधीच कळत नाही.

कार्बाइडबाबत मात्र कंजुषी नको. साध्या पोलादी डायमध्ये प्रत्येक पुंगळीला तेल लावावं लागतं, नाहीतर ती आत अशी अडकते की काढताना प्रेस तुटायची वेळ येते. शिवाय नंतर ते तेल पुसत बसा. कार्बाइडला सरळ पुंगळ्यांसाठी तेल लागत नाही. फक्त कार्बाइड ठिसूळ असतं. डाय फरशीवर पाडली किंवा प्रेसची खालची बैठक तिच्यावर जोरात आपटली, तर रिंग तडकते. हॉर्नडी तेच काम टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा देऊन करते. दोन्ही चालतात. .३५७ सिगसारख्या मानेच्या काडतुसाला मात्र डाय कार्बाइडची असली तरी तेल लागतंच.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. ‘९ एमएम’ म्हणून ऑर्डर टाकली की ९×१९ लुगर, ९×१८ मकारोव आणि ९×१७ म्हणजे .३८० एसीपी असे तीन वेगळे प्राणी समोर येतात. एकाची डाय दुसऱ्याला चालत नाही. मकारोवची गोळी तर जाडीनेही वेगळी, ९.२७ मिलिमीटरची. उलट .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम नावाने वेगळे वाटतात, पण दोघांचा व्यास एकच. १८९८च्या .३८ला लांब करून १९३४मध्ये .३५७ बनवलं. ते मुद्दाम साधारण साडेतीन मिलिमीटर लांब ठेवलं, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊच नये. किती साधी आणि हुशार सोय! त्यामुळे डायचा एकच सेट दोघांना पुरतो, फक्त दुसरी आणि तिसरी डाय उंचीला परत लावावी लागते. पहिल्यांदाच सेट घेणाऱ्याला मी याच काडतुसापासून सुरुवात कर म्हणेन. पुंगळी खरोखर सरळ, कड अडकते ती बुडाला, पुंगळ्या शोधत गवतात रांगायला नको, आणि चूक झाली तर लवकर दिसते.

मग ब्रँडला काहीच अर्थ नाही का? आहे, पण शेवटी. लीचा सेट सगळ्यात स्वस्त आणि सोबत पुंगळी धरायची बैठकही देतो. रेडिंगची मायक्रोमीटरवाली डाय हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही, हेही खरं. आरसीबीएसची गोष्ट तर छानच आहे. १९४३मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी रॉकचक नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवणारी डाय बनवली, आणि ‘रॉक चक बुलेट स्वेज’ची आद्याक्षरं कंपनीचं नाव बनली. पण विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार केला तर स्वस्त कार्बाइड सेट घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगला व्हर्निअर, तराजू आणि छापील मॅन्युअल घ्यावं. दारू कुठली आणि किती, हा विषय मी इथे मुद्दाम घेत नाही. तो त्या मॅन्युअलमधूनच शिकायचा, पेपरातल्या लेखातून नाही आणि रील्समधून तर नाहीच.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपण इंजिनीअरिंगची मुलं पहिल्या वर्षाला ड्रॉइंगचा पेपर देतो. कुणी त्याला ईजी म्हणतं, कुणी ईडी (ती दारात येणारी ईडी नव्हे). टॉलरन्स म्हणजे काय, फिट म्हणजे काय, हे लिहून मार्क मिळवतो. आणि एक वस्तू विकत घ्यायची वेळ आली की ड्रॉइंग सोडून रिव्ह्यू बघतो. या काडतुसांची ड्रॉइंग्ज कुणी लपवून ठेवलेली नाहीत. अमेरिकेतली सामी ही संस्था १९२६पासून अस्तित्वात आहे, आणि पुंगळी व चेंबर दोन्हीची मापं टॉलरन्ससकट फुकट प्रसिद्ध करते. दोन पानं शेजारी ठेवली की काडतूस कुठे टेकतं ते दहा मिनिटांत दिसतं. त्याच दहा मिनिटांत आपण ‘टॉप फाइव्ह डाय सेट्स’चा व्हिडिओ दीडपट स्पीडने संपवतो. असं बघून हेडफोन घेतला तर फार तर गाणं खराब वाजेल. इथे डोळ्यापासून वीतभर अंतरावर धातू फुटू शकतो.

आता व्हिसाचा प्रश्न. स्टुडंट व्हिसावर किंवा एच-वन-बीवर असलेल्यांनी पुढचा भाग दोनदा वाचा. अमेरिकन केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. आणि त्या कायद्यात ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. नुसती पुंगळी, नुसता प्रायमर, नुसती गोळी, नुसती दारू, हे सगळं त्यात येतं. डाय स्वत: त्यात येत नाही. म्हणजे डायचा सेट टेबलावर असला तर काही नाही, पण तिच्यात घालायला रेंजवरून मूठभर पुंगळ्या उचलून आणल्यात तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही दारूगोळा बाळगलात. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही, म्हणून दादाच्या गॅरेजमध्ये सगळं आहे. तुमच्या रूमवर ते तसंच्या तसं असू शकत नाही. ‘सगळेच करतात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या ऑफिसात चालत नाही. आधी वकिलाला किंवा युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा, मग रेंजवर जा.

आणि भारतात परत येताना तो सेट आठवण म्हणून बॅगेत घालणार असाल तर थांबा. आपला १९५९चा शस्त्र कायदा अमेरिकेपेक्षा एक पाऊल पुढे आहे. त्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग येतातच, पण तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तिथे जे निव्वळ हत्यार-अवजार, ते मुंबई विमानतळावर उतरताच दारूगोळा ठरू शकतं. बिनपरवाना दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कीचेनला लावलेल्या किंवा बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर गुन्हे दाखल होतात आणि पुढे ‘माहीत असून बाळगलं नव्हतं’ हे सिद्ध करत लोक हायकोर्टापर्यंत जातात. दिल्ली हायकोर्टाने असे कितीतरी गुन्हे रद्द केलेत, पण तोवर सेमिस्टर गेलेलं असतं.

काहींच्या मनात आलं असेल की मग आपले नेमबाज काय करतात? राही सरनोबत यांनी २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते .२२च्या काडतुसाने. त्यात ठिणगीचा मसाला वेगळ्या प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. १० मीटर एअर पिस्तुलाला तर दारूच नाही. पिस्तुलात रीलोडिंगला अर्थ येतो तो सेंटर फायर प्रकारात. जसपाल राणा यांनी १९९४ आणि २००६च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं तो हाच प्रकार, पण तो ऑलिम्पिकमध्ये नाही. म्हणजे कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलामुलींना डायची गरज नाही. पण मापाची आहे. ते छर्रे घेताना डबीवरचा आकडा बघतात, ४.४९ की ४.५०, आणि आपल्या नळीला कुठला मानवतो ते कागदावर नेम धरून ठरवतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी तासन् तास घालवणारी ही दहावी-बारावीची पोरं डबीच्या रंगावरून भांडताना मी तरी बघितलेली नाहीत.

आणि ज्यांना बंदुकीत नाही, डायमध्येच रस आहे (असे बरेच असतात, ते स्वत:ला ओळखत नाहीत), त्यांना टेक्सासला जायची गरज नाही. पुण्यात खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ची. जळगाव जिल्ह्यात वरणगावची फॅक्टरी १९६०च्या दशकातली. दोन्हीकडे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, आणि २०२१पासून दोन्ही ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहेत तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. काडतुसाची पुंगळी सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पितळेची. आधी पत्र्यातून वाटी कापतात, मग ती एकामागून एक डायमधून ओढत लांब करतात. मधेमधे भट्टीत घालून मऊ करतात, नाहीतर ती फाटते. दादा गॅरेजमध्ये जे एकदा दाबतो, त्याच्या आधी ती पुंगळी अशा कितीतरी डायमधून गेलेली असते, आणि त्या प्रत्येक डायचं माप कुणीतरी घासून, पॉलिश करून मायक्रॉनमध्ये आणलेलं असतं.

ते काम शिकवणारा ‘टूल अँड डाय मेकर’ हा आयटीआयचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि दहावीनंतर घेता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये याच विषयाचा डिप्लोमा आहे. डिग्रीवाल्या मुलांना हा ट्रेड आपल्या ‘लेव्हल’चा वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस एखाद्या टूल रूममध्ये उभं राहून बघा, तिथला फोरमन आधी काय मागतो ते. तो कॅटलॉग मागत नाही, ड्रॉइंग मागतो.